श्वास मोजा, काम विचारा

(कुंभकोणमजवळील तिरुविसनल्लूर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांसमोर एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या काठी, मराठीत बोलण्याची संधी आपण मला दिलीत याबद्दल आभारी आहे. तसे पाहिले तर हे गाव आपल्याला परके नाही. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे थोरले चिरंजीव, यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हे गाव विद्वानांना इनाम दिले. त्यावरून याला शहाजीराजपुरम असेही नाव पडले. याच गावात श्रीधर अय्यावाळ नावाचे सत्पुरुष राहत होते. त्यांची कथा येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. घरी श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. दारात एक भुकेला माणूस आला. तो त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. गावातील ब्राह्मणांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा गंगाच त्यांच्या विहिरीत आली, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी कार्तिक अमावस्येला त्या विहिरीवर स्नानासाठी गर्दी लोटते.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. मला या कथेतली एकच गोष्ट आज हवी आहे. अय्यावाळांनी नियम पाहण्याआधी दारातला माणूस पाहिला. धाप लागलेल्या रुग्णाची तपासणी हा आजचा विषय आहे, आणि त्या तपासणीचा पहिला धडा हाच आहे.

आपण विचाराल, तपासणी हे डॉक्टरांचे काम, ते आम्हाला कशाला सांगता? त्याचे कारण असे. दवाखान्यातल्या डॉक्टरला तुमच्यासाठी पाच मिनिटे मिळतात. शेजारच्या टेबलावर सॉर्टिंग करणारा सहकारी, गँगमधला जोडीदार, घरची माणसे तुम्हाला रोज आठ-दहा तास पाहत असतात. कोण पायऱ्या चढताना थांबतो, कोण रात्री उशाला भिंत लावून बसतो, हे त्यांना ठाऊक असते. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचली तर निदान बरोबर होते. ती पोहोचली नाही तर कागदावर "दमा" किंवा "ब्राँकायटिस" एवढेच लिहिले जाते, औषधाची चिठ्ठी हातात पडते, आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत कामाला जातो.

कुंभकोणमच्या कारकुनाची गोष्ट

छातीचा रोग समजून केलेल्या उपचाराचे एक मोठे उदाहरण याच मुलुखातले आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला वाढले. वडील साडीच्या दुकानात कारकून होते. रामानुजन स्वतः १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून म्हणून लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डींना पत्र लिहिले. टपाल खात्यातील बंधूंनी अभिमान बाळगावा असे ते पत्र होते, कारण त्या एका पाकिटाने गणिताचा इतिहास बदलला. १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. १९१७ पासून तब्येत ढासळली. ताप येई, जाई, पुन्हा येई. निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळी निदाने केली. अखेर क्षय धरून त्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवण्यात आले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले.

१९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी रामानुजन यांच्या आजाराची जुनी कागदपत्रे पुन्हा तपासली. क्षयाशी ती लक्षणे नीट जुळत नाहीत, आमांशाच्या जंतूंमुळे होणारा यकृताचा विकार असावा, असे मत त्यांनी मांडले. इंग्लंडला जाण्यापूर्वी रामानुजन यांना दोन वेळा आमांश झाला होता. हा विकार त्या काळी ओळखणे अवघड होते, पण ओळखला गेला तर त्यावर उपचार होता. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक त्यातून बरे होत होते. यंग यांचे हे अनुमान आहे, ते कोणी मानावे, कोणी मानू नये. आपल्यासाठी बोध एवढाच की, रुग्णाची मागची हकीकत विचारली नाही तर मोठमोठे डॉक्टर आणि चांगल्यातले चांगले इस्पितळही चुकीच्या रस्त्याने जाऊ शकते.

पहिली दोन मिनिटे

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. फलाटावर, शेडमध्ये किंवा पोस्टाच्या काउंटरमागे कोणाला धाप लागली तर यंत्र शोधत धावू नका. आधी पाहा.

पहिली गोष्ट, बोलणे. त्याला नाव, गाव विचारा. पूर्ण वाक्य एका दमात बोलतो का? तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतो का? एकेक शब्दच बाहेर पडत असेल तर प्रकरण गंभीर आहे.

दुसरी गोष्ट, बसणे. दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण आडवा होऊ शकत नाही. तो पुढे वाकून, हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकून बसतो. त्याला झोपवू नका. आपल्याकडे माणूस अत्यवस्थ दिसला की चार जण धरून आडवा करतात. धाप लागलेल्या माणसाला त्याने त्रास वाढतो. शुद्धीवर असेपर्यंत त्याला हवे तसे बसू द्या.

तिसरी गोष्ट, श्वासाची गती. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीचे वरखाली होणे मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई नको. मोजतो आहोत हे त्याला सांगू नका, नाहीतर श्वास बदलतो. नाडी धरल्याचे दाखवा आणि छातीकडे लक्ष ठेवा. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २५ च्या वर गेला तर दवाखाना, ३० च्या वर गेला तर एक क्षणही थांबू नका.

चौथी गोष्ट, मान आणि बरगड्या. श्वास घेताना मानेच्या शिरा-स्नायू ताणतात का, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो का, ते पाहा. ओठ आणि जीभ निळसर दिसतात का, तेही पाहा.

पाचवी गोष्ट सर्वात फसवी आहे. आतापर्यंत सूं-सूं आवाज करणारा रुग्ण अचानक शांत झाला, पेंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नका. तो थकला आहे. हवा आत जाणेच कमी झाले आहे. ही शांतता धोक्याची आहे.

यांपैकी काहीही दिसले तर कपडे सैल करा, गर्दी हटवा, त्याचा स्वतःचा पंप खिशात असेल तर घेऊ द्या आणि १०८ वर फोन करा. धावत्या गाडीत असाल तर १३९ वर कळवा.

बोटावरचे यंत्र

२०२०-२१ च्या कोरोना साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर पोहोचले. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर ते चालते. यंत्र उपयोगी आहे, पण त्याची भाषा समजून घेतली पाहिजे. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरला दाखवा, ९० च्या खाली गेला तर थेट इस्पितळ गाठा. मात्र जुनाट सी.ओ.पी.डी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ वरच ठेवतात. त्यांना मनाने जास्त प्राणवायू देणे घातक ठरते.

यंत्र फसतेही. बोटे गार असली, नखांना रंग असला, हात हलत असला तर आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसून आले. आणि गेटमन बंधूंनी विशेष लक्षात ठेवावे: थंडीत बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनतो, तेव्हा यंत्र खुशाल ९८ दाखवते आणि माणूस मरणाच्या दारात असतो. म्हणून माणूस आधी, आकडा नंतर.

किती चालता, कुठे थांबता?

ही झाली अचानक उद्भवलेली धाप. वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी धाप अधिक दगा देते, कारण माणूस तिच्याशी जुळवून घेतो. पायऱ्या टाळतो, जड पिशवी दुसऱ्याला देतो आणि "वय झाले" म्हणतो.

ही धाप मोजण्यासाठी जगभर एक पट्टी वापरतात. ती कशी तयार झाली हे कामगारांनी जाणून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेल्समधील कोळसा खाणींतल्या कामगारांच्या छातीच्या रोगावर कार्डिफ येथे संशोधन चालू होते. डॉ. चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणकामगारांना साधे प्रश्न विचारून ही पट्टी बांधली. कामगारांच्या उत्तरांतून तयार झालेले हे माप आहे. आपल्या भाषेत ते असे:

शून्य: खूप जड मेहनतीलाच दम लागतो.
एक: सपाटीवर घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना दम लागतो. गाडी पकडायला पूल चढलात आणि वर थांबलात, तर तुम्ही येथे आहात.
दोन: बरोबरीच्या वयाच्या लोकांपेक्षा सावकाश चालावे लागते, किंवा स्वतःच्या चालीनेही मध्ये थांबावे लागते.
तीन: शंभर मीटर किंवा काही मिनिटे चालून थांबावे लागते. एका फलाटाची लांबीही एका दमात होत नाही.
चार: घराबाहेर पडवत नाही, सदरा घालताना-काढतानाही धाप लागते.

आज आपण कोणत्या पायरीवर आहोत हे तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. पायरी वाढली असेल तर वयाला दोष न देता दवाखान्यात जा.

तेथे डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला की तपासणी संपली असे मानू नका. लेनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून छाती ऐकली, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे आणि तिचे मोल आहे. पण श्वासनळ्या किती अरुंद झाल्या हे कानाने पुरते कळत नाही. त्यासाठी स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकावे लागते. हे यंत्रही नवे नाही, जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये त्याविषयी लिहिले. एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली हे ते सांगते. पंपाचे औषध देऊनही हा भाग ७० टक्क्यांच्या खाली राहिला तर सी.ओ.पी.डी. समजतात. औषधाने नळ्या चांगल्या मोकळ्या झाल्या तर दम्याचा संशय बळावतो. ही तपासणी न करता वर्षानुवर्षे पंप चालू ठेवणे म्हणजे सिग्नल न पाहता गाडी हाकणे.

प्रत्येक धाप फुप्फुसाची नसते

रात्री झोपेतून दम कोंडून उठावे लागते, दोन्ही पाय सुजतात, तर हृदय तपासा. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा, आत पांढरीफटक असेल तर रक्त कमी आहे. आपल्या भगिनींमध्ये हे फार आढळते आणि "अशक्तपणा" म्हणून सोडून दिले जाते. एकाच पायाला सूज आणि अचानक धाप असेल तर पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर असे घडते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. क्षय झाला म्हणून लपू नका. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की, घरी राहून नियमित औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. रामानुजन यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांच्या आत, त्याच शहरात, हे सिद्ध झाले.

एक प्रश्न, तीनशे वर्षांचा

इटलीतील डॉ. बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत आणखी एक घाला असे त्यांनी सांगितले: तुम्ही काम काय करता? आज तीनशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या किती केसपेपरवर या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असते?

येथून जवळच स्वामीमलै आहे. तेथील कारागीर मेण, माती आणि वितळलेल्या धातूतून देवांच्या मूर्ती घडवतात. जगात त्यांचे नाव आहे. भट्टीचा धूर आणि घासताना उडणारी धूळ मात्र त्यांच्या छातीत जाते. आपलेही तसेच आहे. खडी टाकताना, चाळताना ट्रॅकमनच्या नाकात दगडाची बारीक धूळ जाते. डिझेल शेडमध्ये इंजिनाचा धूर असतो. डिझेलचा धूर फुप्फुसाचा कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. जुन्या बॉयलरभोवतीच्या आणि ब्रेकमधल्या ॲस्बेस्टॉसशी ज्यांचा संबंध आला, त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी, म्हणजे अनेकदा निवृत्तीनंतर, वर येतो. आर.एम.एस.मध्ये थैल्या झटकताना धूळ उडते. पोस्टमन दिवसभर वाहनांच्या धुरात फिरतो. आणि ज्या घरांत अजून चुलीवर स्वयंपाक होतो, तेथील बाईने आयुष्यात विडी ओढली नसली तरी तिला सी.ओ.पी.डी. होतो.

काम आणि धाप यांचा संबंध ओळखायची एक सोपी खूण आहे. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? रजेवर गावी गेल्यावर खोकला थांबतो का? मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या तंतूंमुळे होणाऱ्या बिसिनोसिस रोगात सोमवारी छाती आवळायची, कारण रविवारच्या सुट्टीनंतर तो पहिला दिवस असे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा अभ्यास केला. गिरण्या गेल्या, त्या कामगारांपैकी अनेकांच्या छातीतला कापूस मात्र त्यांच्याबरोबर घरी गेला.

सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, बिसिनोसिस हे रोग १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत होते आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेच्या यादीतही आहेत. पण डॉक्टरने नुसते "खोकला" लिहिले तर ही यादी आपल्या काय कामाची? निदानाच्या एका शब्दावर हलके काम, नुकसानभरपाई आणि विधवेचा हक्क अवलंबून असतो.

लिहिले ते टिकले

शेवटचा मुद्दा. याच तंजावरच्या गादीवर १७९८ ते १८३२ पर्यंत दुसरे सरफोजीराजे होते. त्यांना वैद्यकाची मोठी आवड. त्यांनी धन्वंतरी महाल नावाचे औषधालय चालवले. डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार झाले, तेव्हा प्रत्येक रुग्णाची हकीकत, तक्रार आणि उपचार यांची नोंद ठेवली गेली. त्यांतील कागद आजही टिकून आहेत. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या दरबारात रुग्णाचा केसपेपर लिहिला जात होता. मग आज आपल्या दवाखान्यात तो का लिहिला जाऊ नये?

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, शाखेच्या पुढच्या सभेत या चार मागण्या मांडा. एक, प्रत्येक केसपेपरवर रुग्णाचे काम, किती वर्षे आणि कोणत्या धुळी-धुराशी संबंध, याची नोंद झाली पाहिजे. दोन, नियतकालिक वैद्यकीय तपासणी म्हटले की आपल्याला आधी डोळे आठवतात. धुळीत काम करणाऱ्यांची फुंकण्याची तपासणीही तिच्यात झाली पाहिजे. तीन, त्या तपासणीच्या निकालाची प्रत कामगाराच्या हातात मिळाली पाहिजे, म्हणजे दहा वर्षांत फुप्फुस किती खालावले ते दाखवता येईल. चार, निवृत्त सहकाऱ्यांना यातून वगळू नये.

मागणी मान्य होईपर्यंत वाट पाहू नका. एक वही आणि एक घड्याळ एवढे आजच आपल्यापाशी आहे. शेजारच्या सहकाऱ्याला धाप लागते असे दिसले की त्याला बाजूला बसवा. मिनिटभर श्वास मोजा. किती पायऱ्यांवर थांबतो ते विचारा. सुट्टीला बरे वाटते का ते विचारा. हे सारे तारीख घालून लिहा आणि तो कागद त्याच्या खिशात घालून त्याला दवाखान्यात पाठवा. शक्य असेल तर बरोबर जा. एकटा गेलेला कामगार "काही नाही साहेब, थोडा दम लागतो" म्हणून परत येतो. दोघे गेले तर दुसरा खरे सांगतो.